शिंजी ओकाझाकी: लेस्टरने एक चांगला स्ट्रायकर वाया घालवला

उनाडवारा:
जपानी स्ट्रायकर ओकाझाकीचं नाव निघालं की 'कष्टाळू, संघासाठी राबणारा' एवढंच ऐकू येतं. मला हे कौतुक खटकतं. माइन्झकडून जर्मनीच्या बुंडेसलिगात २०१३-१४ ला त्याचे १५ गोल, पुढच्या मोसमात १२. २०१५ मध्ये तो इंग्लंडच्या लेस्टर क्लबला गेला आणि त्यांनी प्रीमियर लीग जिंकली त्या २०१५-१६ च्या मोसमात लीगच्या ३६ सामन्यांत ५ गोलांवर आला. चार वर्षांत प्रीमियर लीगमध्ये एकूण १४, शेवटच्या मोसमात लीगमध्ये एकही नाही. जपानसाठी ५० गोल करणाऱ्या माणसाचं हे काय करून ठेवलं? पदक मिळालं, मान्य. पण वयाची २९ ते ३३ ही भराची वर्षं दुसऱ्यांसाठी धावण्यात गेली.

कोपराकिक:
अजिबात पटलं नाही. तो विजेतेपदाचा मोसम पुन्हा बघा, आणि चेंडू सोडून फक्त ओकाझाकीकडे बघा. प्रशिक्षक रानिएरी कागदावर ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) खेळवत होते, पण मधे खरे दोघंच, कान्ते आणि ड्रिंकवॉटर. समोरच्या संघाकडे चेंडू गेला की ओकाझाकी लगेच मागे येऊन त्यांच्या खोलवर खेळणाऱ्या मिडफिल्डरला चिकटायचा. त्याला पास देता येईना, मग बचावपटू लांब चेंडू मारायचे, तो लेस्टरच्या सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, डोक्यावर. दुसरा स्ट्रायकर व्हार्डी तेवढा वेळ पुढे मोकळा, दम राखून. व्हार्डीचे २४ गोल दिसतात, ही धावपळ गोलांच्या यादीत दिसत नाही. साठाव्या मिनिटाच्या आसपास ओकाझाकी बाहेर आणि उयोआ आत, हे ठरलेलंच असायचं, कारण तोवर त्याने सगळं ओतलेलं असायचं.

उनाडवारा:
तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. ज्याला दर सामन्यात तासाभराने बाहेर काढतात त्याने गोल करायचे कधी? १४ मार्च २०१६, न्यूकॅसलविरुद्ध. व्हार्डीने हेडरने चेंडू आत वळवला आणि ओकाझाकीने गोलकडे पाठ असताना हवेत उलटं होऊन मारला. १-०, त्या गोलावर तीन गुण. असा फटका नुसत्या पळणाऱ्या खेळाडूला सुचत नाही.

रानजाई:
उनाडवारा यांच्याशी सहमत, आणि पुरावा लेस्टर सोडल्यानंतरचा आहे. २०१९ मध्ये स्पेनच्या मालागा क्लबला पगारमर्यादेमुळे त्याची नोंदणी करता आली नाही, करार मोडला. मग वेस्का क्लबने घेतलं, स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत. तिथे त्याला गोलसमोर उभं केलं, तर तेहतिशीत त्याने १२ गोल केले आणि संघ श्रेणी जिंकून ला लीगात, म्हणजे पहिल्या श्रेणीत, गेला. कसब कुठे हरवलं नव्हतं.

आशियाई फॉरवर्ड दिसला की युरोपातल्या प्रशिक्षकांना आधी त्याचे पाय दिसतात, नजर नंतर. जपानच्याच दाइझेन माएदाचंही तेच. स्कॉटलंडच्या सेल्टिकमध्ये वर्षानुवर्षं डाव्या बगलेवर पळवलं. जानेवारी २०२५ ला स्ट्रायकर क्योगो फुरुहाशी क्लब सोडून गेल्यावर माएदा मधे आला आणि गोलांची रांग लागली.

कोपराकिक:
दुसरी श्रेणी आणि प्रीमियर लीग एका तराजूत घालू नका. पुढच्याच वर्षी ला लीगात वेस्का खाली घसरला आणि ओकाझाकीचे गोलही आटले.

आणि लेस्टरने त्याच्याशिवाय खेळून बघितलंच होतं की! २०१६ च्या उन्हाळ्यात क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी रक्कम मोजून स्ट्रायकर स्लिमानीला आणलं, ओकाझाकी बाकावर. स्लिमानी उंच, पेटीत धोकादायक, ओकाझाकीपेक्षा गोलही जास्त. तरी फेब्रुवारी २०१७ पर्यंत गतविजेते तळाजवळ, रानिएरींची नोकरी गेली. त्यांच्या जागी आलेल्या शेक्सपिअरनी पहिल्याच सामन्यात, लिव्हरपूलविरुद्ध, ओकाझाकीला पुन्हा व्हार्डीच्या मागे उभं केलं. ३-१. व्हार्डीचे दोन. ओकाझाकीचा एकही नाही, आणि माझ्या मते त्या दिवशीचा तो सर्वांत महत्त्वाचा फॉरवर्ड होता.

उनाडवारा:
त्या घसरणीत कान्ते चेल्सीला गेल्याचा वाटा फार मोठा, तो सोडून हिशेब लागत नाही. लिव्हरपूलचा सामना मात्र मान्य, तो संघ त्याच्याशिवाय चालत नव्हता. संघाचं भलं झालं, याबद्दल माझा वाद कधीच नव्हता. माझा प्रश्न त्याच्या कारकिर्दीचा आहे. सलग दोन मोसम दोन आकडी गोल करणारा जपानी स्ट्रायकर तेव्हा युरोपच्या मोठ्या लीगमध्ये दुसरा दाखवा. त्याला अजून चार वर्षं नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागी, शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलेलं मला बघायचं होतं.