मुलांच्या साहसकथेची चित्रं डिजिटल काढायची आहेत, सुरुवात कुठून करू?

रिवणची_वाट

नमस्कार मंडळी, गोव्यात सांगे तालुक्यात राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आठ ते अकरा वयाच्या मुलांसाठी एक साहसकथा लिहून झालीय. भाऊ-बहीण सुट्टीत आजोळी येतात, उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेला तो गोल चक्रव्यूह आहे ना, त्यावरून त्यांना एक जुनी वाट कळते आणि मग रानातून नदीच्या कडेकडेने प्रवास, एक रात्र रानातच काढावी लागते वगैरे. वर्गात वाचून दाखवली तर पोरं मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठेनात, तेव्हाच ठरवलं की पुस्तक करायचं, स्वतःच्या खर्चाने का होईना.

चित्रं मीच काढणार. वॉटरकलरवर हात बसलेला आहे पण स्कॅन केल्यावर फिकट रंग उडून जातात आणि मुलीच्या फ्रॉकचा रंग बदलायचा म्हटलं तरी अख्खं पान परत काढायचं, म्हणून डिजिटल. विचारायचं हे की आयपॅड घ्यावाच लागतो का, घरी साधा लॅपटॉप आहे. फाईल केवढी ठेवायची? मराठी मजकूर चित्रावरच टाकायचा का? आणि मुख्य म्हणजे मुलांचे चेहरे प्रत्येक पानावर तेच कसे ठेवायचे, गोष्टीतली मुलगी तिसऱ्या पानावर दहा वर्षांची दिसते नि पाचव्या पानावर सोळा.

चिरा_आणि_नळे

ताई, आधी अभिनंदन, लिहून पूर्ण करणं हेच मोठं काम असतं.

आयपॅड नको. लॅपटॉप आहे ना, मग बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घ्या, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन कुठलाही, लहान साइझ चार-पाच हजारांच्या आसपास मिळून जाते. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याची सवय व्हायला थोडे दिवस जातात, पहिल्या आठवड्यात कंटाळून बाजूला ठेवू नका. सॉफ्टवेअर म्हणून क्रिटा, पूर्ण फुकट आहे आणि वॉटरकलरसारखे ब्रश त्यात आधीच आहेत. प्रोक्रिएट छान आहे पण ते फक्त आयपॅडवर चालतं.

पण खरं सांगू का, सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळ्यात छोटा आहे. आधी डमी करा. साधे कागद दुमडून पुस्तकाएवढी वही शिवा आणि त्यात पेन्सिलने अंगठ्याएवढी चित्रं काढून बघा कुठल्या पानावर काय येतं. साहसकथेत पान उलटणं हेच अर्धं साहस आहे. मुलं उजव्या पानाच्या शेवटी झुडपात काहीतरी हललं असं वाचतील आणि गवा दिसेल तो पान उलटल्यावर, दोन पानभर पसरलेला. तोच गवा समोरच्याच पानावर दिसला तर गंमत गेली. हे सगळं डमीतच कळतं. आणि या वयाला दर पानाला पूर्ण रंगीत चित्र नकोच, चार-पाच ठिकाणी मोठी पानभर चित्रं आणि बाकी मजकुराच्या कडेला छोटी रेखाटनं, एखादी चप्पल, खेकडा, आजीची पानाची पेटी. तुमचं कामही निम्मं होईल.

चेहऱ्यांचं असं करा. रंगवायला बसण्याआधी दोन्ही मुलांचा एकेक तक्ता काढा, समोरून, बाजूने, पाठमोरी, हसताना, घाबरलेली, धावताना. त्यात डोक्याचं माप धरून पूर्ण उंची किती ते ठरवा. दहा वर्षांचं मूल साधारण साडेसहा डोकी उंच असतं, मोठा माणूस साडेसात ते आठ. तुमची मुलगी पाचव्या पानावर सोळाची दिसते त्याचं कारण बहुतेक हेच, डोकं लहान झालंय आणि पाय लांब. हा तक्ता क्रिटात बाजूच्या खिडकीत उघडा ठेवायचा नि रंग त्यातूनच उचलायचे, अंदाजाने नाही. चित्र अधूनमधून आरशासारखं उलटं करून बघा, क्रिटात एम दाबलं की होतं, वाकडे डोळे लगेच दिसतात. शिवाय दोघांना लांबूनही ओळखू येईल अशी एकेक खूण द्या, तिची दोन वेण्यांची सावली किंवा त्याच्या खांद्यावरची पिशवी, म्हणजे रानात पार लहान दिसली तरी पोरं बोट ठेवून सांगतील ही कोण नि तो कोण.

फर्मा_म्हापसा

छपाईच्या धंद्यात आहे म्हणून फाईलचं सांगतो.

पुस्तक साडेआठ इंच चौकोनी धरलंत तर 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) एक पान 2550 पिक्सेल होतं. कापताना पान सरकतं म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची कड, हवीच, म्हणजे 2625 धरा. दोन पानांचं पसरट चित्र 5175 बाय 2625. अशा फाईलचा पूर्ण भरलेला एक लेयर (एकावर एक रचायचा चित्राचा थर) मेमरीत साधारण 54 एमबी खातो, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर ढीगभर लेयर ठेवू नका, झालेले एकत्र करत चला. पण मूळ लेयरवाली फाईल वेगळी सेव्ह करून ठेवा हां. आणि लहान चित्र नंतर मोठं करू असं मनात आणू नका, ते फाटतं. पसरट चित्रात मुलांचे चेहरे मधल्या शिवणीत येऊ देऊ नका.

पानं 16 च्या पटीत ठेवा, 32 किंवा 48, म्हणजे पूर्ण फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) बसतात आणि कागद वाया जात नाही.

मजकूर चित्रात अजिबात मिसळू नका. चित्राबरोबर अक्षरं छपाईच्या चार शायांत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) छापली गेली की प्लेट जराशी हलली तरी वेलांट्या-मात्रांना रंगीत कडा येतात, बारीक टाईपात पोरांना वाचताच येत नाही. चित्र वेगळं, मजकूर वर, पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रायबस किंवा इनडिझाईन, नुसत्या काळ्या शाईत. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्त किंवा बालू, दोन्ही फुकट आणि छापायला परवानगी असलेले आहेत. जोडाक्षरं नीट जुळतायत का ते पीडीएफमध्ये ओळ न ओळ बघा, लेआउट करताना तीच तुटतात.

आता रंग. आपल्या पावसाळ्यातला शेताचा जो हिरवा आहे ना, तो स्क्रीनवर येतो पण चार शाईत तसाच्या तसा येत नाही, मळकट होतो. मांडवीचा निळाही तसाच. क्रिटात कंट्रोल-वाय दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसा दिसेल ते स्क्रीनवरच, बघत रंगवा, त्यासाठी लागणारी रंगांची प्रोफाईल फाईल तुमच्या प्रेसवाल्याकडून मागून घ्या. हिरवा मूळचा जोरात करण्यापेक्षा शेजारी जांभ्याचा तांबडा ठेवला की तोच हिरवा आपोआप उठून दिसतो, हा उपाय माझ्या डोळ्यांना पटलेला आहे.

रिवणची_वाट

देव बरे करो तुम्हा दोघांचं, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. डमीचं आजच सुरू करते. रात्रीच्या रानाचं काय करू पण? तीन-चार पानं काळोखातच आहेत. आणि तो चक्रव्यूह जांभ्यावर कोरल्यासारखा दिसतच नाहीये, रांगोळी काढल्यासारखा दिसतो.

काजवा_साळ

चक्रव्यूहाचं सांगते. तुम्ही बहुतेक तो भर उन्हातल्या फोटोवरून काढताय. कोरलेली रेघ दुपारी सपाट होते, सकाळी किंवा संध्याकाळी तिरका उजेड आला की खाचेची एक कड अंधारी नि दुसरी उजळ दिसते, तेच रंगवायचं. म्हणजे प्रत्येक रेघेला दोन रेघा, उजेडाकडच्या कडेला सावली आणि पलीकडच्या कडेवर ऊन. उजेडाची दिशा अख्ख्या चक्रव्यूहाला एकच, त्यामुळे गोल फिरताना सावली कधी रेघेच्या आत जाईल कधी बाहेर, हे चुकलं की मात्र लगेच रांगोळी होते. आणि जांभा गुळगुळीत नसतो, भोकाभोकांचा असतो, तेव्हा रेघ सरळसोट न ठेवता मध्येमध्ये भोकात तुटू द्या. ओला जांभा गडद होतो, नदीकडची बाजू ओली दाखवा. फोटोसाठी जाल तेव्हा रेघा दिसाव्यात म्हणून खडू मात्र फिरवू नका, दगड खराब होतो, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तरी पुरतो. गोष्टीतल्या मुलांनाही तसंच करायला लावा की, संध्याकाळी टॉर्च आडवा धरला आणि वाट दिसली!

काळोखासाठी काळा वापरूच नका. निळा-जांभळा धरा आणि प्रत्येक पानात एक उजेड हवाच, कंदील, टॉर्च, पहिल्या पावसाआधीचे काजवे. मुलांचे चेहरे त्या उजेडात, बाकी रान मोठ्या सपाट आकारांत. चित्र एकदा राखाडी करून बघायचं, तरी मुलं दिसली पाहिजेत.

फर्मा_म्हापसा

काजवाताईंचं बरोबर. त्यात एक भर, गडद निळ्यासाठी चारही शाया भरभरून दिल्या की शाई लवकर सुकत नाही, समोरच्या पानाला लागते, आणि आपल्याकडे जून-जुलैच्या दमट हवेत तर जास्तच. चारही शायांचे टक्के मिळून एकूण शाई 300 टक्क्यांच्या वर नको. मॅपलिथो, म्हणजे साधा बिनलेपाचा कागद, शाई पितो, रात्र अजून काळी होते, तेव्हा निदान ही पानं मॅट आर्ट पेपरवर बघा. अख्खं पुस्तक छापायला देण्याआधी दिवसाचं एक पान आणि रात्रीचं एक पान त्याच कागदावर प्रूफ काढून घ्या, पैसे लागतात पण द्या.

चिरा_आणि_नळे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन राय एजन्सीकडून ऑनलाईन अर्ज करून फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी. छापील आणि ई-बुकला वेगवेगळा घ्यावा लागतो. तो हातात यायला वेळ लागतो आणि मलपृष्ठावर बारकोडची जागा ठेवायची असते, म्हणून मुखपृष्ठ रंगवायला घ्यायच्या आधीच अर्ज करून टाका. मुलांच्या तक्त्याचं पहिलं रेखाटन झालं की इथे टाका ताई, बघून सांगतो.