मधाचं बोट

धाकटी वहिनी, दापोली: नमस्कार. काल पूजेच्या गडबडीत बाळाच्या जिभेवर मध लावला गेला. कोणी लावला, नाव घेत नाही. चारच महिन्यांचा आहे तो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे बारशालाच सांगितलं होतं.

आत्या, गुहागर: नाव नाही घेतलंस तरी सगळ्यांना कळलंय. आम्ही पाच भावंडं याच मधावर वाढलो.

दादा, ठाणे: आत्या, रागावू नका 🙏 मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात, विष तयार होतं, बाळ लुळं पडतं. बॉट्युलिझम म्हणतात त्याला.

नाना: आईचं चांदीचं बोंडलं कोणाकडे आहे?

आत्या, गुहागर: मग गुटीपण वाईट का? वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा. सहाणेवर वेढे मोजून. वेखंडाचा एक जास्त झाला तर आई ओरडायची.

काकी, हर्णै: वन्सं, चीक पिळून टाकायला लावायच्या तेही सांगा की. तीन दिवस मला पाजू दिलं नाही. पोर रडून लालबुंद, त्याला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी. आता जन्मल्यावर तासाभरात पाजायला सांगतात.

बंड्या: गाईच्या चिकाच्या खरवसावर मारामाऱ्या आणि आईचा चीक फेकायचा? 😄

आत्या, गुहागर: चेष्टा नको. विचारायचं कोणाला तेव्हा? दवाखाना खाडीपलीकडे, पावसात होडी बंद.

दादा, ठाणे: हे खरं. लावणीला आई चिखलात आणि मी बांधावर इरल्याखाली. आईला दूध कमी, म्हणून शेजारच्या काकूंनी मला पाजलं, स्वतःच्या मुलीबरोबर. गावी गेलो की आधी त्यांच्या पाया पडतो.

नाना: चांदीचं बोंडलं. कोणाकडे आहे?

काकी, हर्णै: वाटण्यांत मोठ्या घरी गेलं, सगळ्यांना ठाऊक आहे.

मोठी काकी, चिपळूण: झालं सुरू! मला सासूबाईंनी स्वतः हातात दिलंय. आणि बाळासाठी मागत असाल तर देणार नाही. त्याची चोच आतून घासता येत नाही. वाटी-चमचा उकळून घ्या.

बंड्या: नाना, सापडलं. आता झोपा.

नाना: चांदीचंच ना?

काकी, हर्णै: वन्सं, पाच वाढलात. पण आईंना सात झाली होती.

काकी, हर्णै: धाकटीला जुलाब लागले. तेव्हा जुलाबात दूध-पाणी तोडायचे. दोन दिवसांत गेली. साखर-मिठाचं पाणी कोणाला माहीत होतं? आई मला हे एकदाच बोलल्या, माझ्या पहिल्या बाळंतपणात.

आत्या, गुहागर: मी झोके द्यायचे गो तिला. आईच्या नऊवारीची झोळी होती.

आत्या, गुहागर: वर्ष होईपर्यंत मध नाही. गुटीचं डॉक्टरांना विचारा. तेल लावायला मात्र मीच येणार.

धाकटी वहिनी, दापोली: या ना आत्या. तुमच्या हाताने न्हाला की तीन तास झोपतो. हळिवाचे लाडूही आणा, माझ्यासाठी.

आत्या, गुहागर: तिथेच करते. दोन नारळ सोलून ठेव, हळीव मी आणते.