रडणाऱ्याला काय म्हणायचं? चिनी आणि जपानी लोकांचे तुमचे अनुभव

आजी गेली तेव्हा ऑफिसातली चिनी मैत्रीण आणि जपानी साहेब, दोघांनी एकाच दिवशी सांत्वन केलं आणि ते इतकं वेगळं होतं की म्हटलं धागा काढूच. तिने आधी आजीचं वय विचारलं, मग आजार, मग मी जेवले का, आणि संध्याकाळी पातेलंभर पेज घेऊन दारात हजर. साहेब वाकून "गोशूशोसामा देस", म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहे, एवढंच म्हणाले, पण पुढचा आठवडाभर माझं निम्मं काम परस्पर दुसऱ्याकडे गेलं होतं. लिहा तुमचेही.

—

शांघायला ३ वर्षं काढली. ताप असो, पोट दुखो, ब्रेकअप होवो, उत्तर एकच, "दुओ ह रश्वे", म्हणजे गरम पाणी पीत जा! आधी डोकं फिरायचं, मग कळलं तिकडच्या मुलीही बॉयफ्रेंडच्या ह्याच वाक्यावर जोक करतात. आणि रडायला लागलं की लग्गेच "बिए खू ल", रडू नको, आणि मग उपायांची यादी.

—

माझं उलट. ओसाकात नोकरी गेली, जपानी मित्र घरी येऊन दीड तास बसला, अधूनमधून "सो का", असं का, आणि एकदा "त्सुराकात्ता ने", फार त्रास झाला ना, बास. सल्ला नाही, प्रश्न नाही, मला तर वाटलं ह्याला काही पडलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर दाराच्या कडीला ओनिगिरीची (भाताचे गोळे) पिशवी लटकवलेली, बेलसुद्धा न वाजवता गेला होता बाबा.

—

"गान्बात्ते", म्हणजे जोर लाव, हे जपून वापरा हां. २०११ च्या त्सुनामीनंतर सगळीकडे "गान्बारो निप्पोन", जोर लावू या जपान, असं लिहिलेलं असायचं, पण आमच्या सेन्सेई (बाई) म्हणायच्या, जो आधीच जिवाच्या आकांताने तग धरून आहे त्याला अजून जोर लाव काय सांगता? डिप्रेशनवाल्याला तर नाहीच म्हणायचं. "मुरी शिनाइदे" म्हणा, जिवाची ओढाताण करू नकोस.

—

मी तर पाकिटातच गंडलो. जपानी अंत्यविधीला कोदेन म्हणून पैसे देतात, मी शहाणा बँकेतून कोऱ्या करकरीत नोटा घेऊन गेलो. कलीगने बाजूला घेऊन हळूच सांगितलं, नव्या नोटा म्हणजे मरणाची तयारी करूनच बसला होतास असं दिसतं, निदान मधोमध घडी तरी घाल. नाव फिक्या शाईने लिहायचं, का तर म्हणे अश्रू पडून शाई पातळ झाली. पुढे त्यांच्याकडून परतभेट म्हणून चहाचा डबा आला, आता त्यावर थँक्यू म्हणायचं की नाही ह्यात मी दोन दिवस घालवले.

—

गरम पाण्याला +१. माझ्या चिनी सासूबाई आत्ताच विचारून गेल्या.