पन्नास वर्षं कशाला थांबायचं?

हवामान बदलामुळे किनाऱ्यावरच्या लोकांना गाव सोडावं लागेल, या विषयावर कुणीतरी म्हटलंय की समुद्र चढायला अजून पन्नास वर्षं आहेत, तोवर बघू. अहो पण कोकणात गाव सोडणं सुरू झालंय की! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आलं आणि पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, श्रीवर्धनी रोठा (तिथली सुपारीची जात) म्हणजे तिथल्या लोकांचा हातातला पैसा, आणि नवीन रोप लावलं तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, मधे घर कशावर चालवायचं? त्यातून सावरतायत तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ, तेही ऐन आंब्यात. भरपाई काय, एकदा मिळते (मिळाली तर). पण पोरं एकदा मुंबईला गेली की वाडी शिंपायला कोण परत येणारे?