तालुक्यांचा क्लिकेबल नकाशा: मोबाईलवर कुठंही टच केलं तरी शाहूवाडीच उघडतंय

कळंबा_कट्टा
आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साईट करतोय. कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा टाकलाय, तालुक्यावर क्लिक केलं की तिथल्या ठिकाणांचं पान उघडायचं, म्हणजे भुदरगडला रांगणा, चंदगडला पारगड, शिरोळला खिद्रापूर असं. गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) फिल्टर्स, वेब, इमेज मॅप (फोटोचे क्लिक होणारे भाग पाडायचं टूल) असं जाऊन बाराच्या बारा तालुके पॉलिगॉननं काढले, लॅपटॉपवर मस्त चालतंय. पण मोबाईलवर शिरोळवर बोट ठेवलं तरी शाहूवाडीचं, म्हणजे विशाळगडाचं पान येतंय, करवीरवर पण तेच. काय भानगड आहे?

पापाची_तिकटी
फोटो किती रुंद आहे मूळचा? १००० पिक्सेल असेल तर गिंपनं तालुक्यांच्या हद्दीच्या बिंदूंचे सगळे आकडे, म्हणजे कोऑर्ड्स, त्याच मापात लिहून ठेवलेत. मोबाईलवर फोटो आकसून ३६० चा होतो, आकडे मात्र तिथंच राहतात. म्हणजे तू अख्ख्या नकाशावर कुठंही टच कर, ब्राउजरच्या हिशेबानं ते वरच्या डाव्या कोपऱ्यातच पडतंय, आणि त्या कोपऱ्यात आपली शाहूवाडी 😄
कोऑर्ड्समध्ये टक्के लिहून बघू नको, चालत नाहीत. इमेज मॅप रिसायझर म्हणून छोटी जावास्क्रिप्ट फुकट मिळते, ती स्क्रीनप्रमाणं आकडे बदलून देते. ती लाव आणि मोकळा हो.

राजारामपुरी_७वी_गल्ली
स्क्रिप्टनं काम भागंल पण मी म्हणतो सरळ एसव्हीजी कर, म्हणजे पिक्सेलऐवजी आकारांच्या कोडनं काढलेलं चित्र. ते आपोआप लहानमोठं होतं, शिवाय माऊस नेला की तालुक्याचा रंग बदलता येतो, इमेज मॅपमधल्या एरिया टॅगला (एकेका भागाचा कोड) सीएसएसनं तसला रंग देता येत नाही. फक्त एसव्हीजी इमेज टॅगमधनं लावू नको, आतल्या लिंक मरतात, सगळा कोड पानातच पेस्ट करायचा.

कळंबा_कट्टा
म्हणजे बारा तालुके परत इंकस्केपमध्ये (एसव्हीजी काढायचं सॉफ्टवेअर) गिरवत बसू काय? राधानगरीची हद्द बघितलीस काय भावा, नुसती वाकडीतिकडी

राजारामपुरी_७वी_गल्ली
गिरवायचं कशाला मर्दा, गिंपची ती मॅप फाईल नोटपॅडमध्ये उघड. पॉलीच्या कोऑर्ड्समधले आकडे जसेच्या तसे उचल आणि एसव्हीजीच्या पॉलिगॉनच्या पॉइंट्समध्ये टाक, एक्स वाय एक्स वाय हाच क्रम तिथंपण लागतो. व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राच्या मापाची चौकट, शून्य शून्य आणि पुढं मूळ फोटोची रुंदी नि उंची. खाली तोच फोटो, वर पॉलिगॉन, प्रत्येकाला लिंकचा टॅग गुंडाळायचा, झालं. एक लक्षात ठेव, फिल (आतला रंग) 'नन' नको, 'ट्रान्सपरंट' दे. नन दिलंस की तालुक्याच्या मधोमध क्लिकच लागत नाही, मग डोकं खाजवत बसशील.

पापाची_तिकटी
हे भारी सांगितलंस, आकडे असे उचलता येतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात एक भर, पन्हाळा गडाला तालुक्याच्या वर वेगळा गोल ठेवणार असशील तर क्रम बघ. इमेज मॅपमध्ये दोन भाग एकावर एक आले तर आधी लिहिलेला जिंकतो, एसव्हीजीत उलटं, नंतरचा वर बसतो. तिकडं गोल पहिला, इकडं शेवटी.

उचगाव_फाटा
सगळं बरोबर आहे पण मोबाईलवर गगनबावडा केवढासा दिसणार? बोट ठेवलं की शेजारचा राधानगरी लागणार. नकाशाच्या खाली बारा तालुक्यांची नावं साध्या लिंक म्हणून दे, आमच्या आईसारखी माणसं नकाशावर टच करून बघतच नाहीत, सरळ नाव शोधतात. इमेज मॅपच ठेवणार असलास तर प्रत्येक एरियाला ऑल्ट, म्हणजे नावाचा मजकूर, लिही, स्क्रीन रीडरवाल्यांना तेवढंच ऐकू येतं.

कळंबा_कट्टा
आकडे टाकले, शिरोळवर टच केलं की खिद्रापूरच येतंय आता. लय भारी! करवीर आणि कागलच्या मधी बारीक फट राहिलीय, तिथं क्लिक लागत नाही, ती कशी घालवू?

राजारामपुरी_७वी_गल्ली
पॉलिगॉनला तसलाच ट्रान्सपरंट स्ट्रोक (कडेची रेघ) दे, दोन-तीन पिक्सेल जाड. क्लिक स्ट्रोकवरपण लागतो.