लाव्हारसाचा प्रवाह वळवावा का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

काळा कातळ: आइसलँडमधील ग्रिंडाविक या मच्छीमार गावाच्या परिसरात २०२३ च्या अखेरीपासून लाव्हा वळवण्यासाठी मातीमुरुमाचे बांध घातले गेले. तो खर्च वाया गेला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९७३ साली त्याच देशातील हेमाए बेटावर लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा लोकांनी महिनोन्महिने पंपांनी समुद्राचे पाणी मारून त्याची पुढची कड थिजवली आणि बंदर राखले. ते गेले असते, तर मासेमारीवर जगणाऱ्यांनी तिथे परतायचे तरी कशासाठी?

आडवाट: हेमाएला लाव्हापुढे समुद्र होता, आणि समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो. इटलीतील एटना ज्वालामुखीचा १६६९ चा दाखला पाहा. पायथ्याच्या कातानिया शहरातील लोकांनी ओली कातडी पांघरून, लोखंडी पहारींनी प्रवाहाची घट्ट झालेली कड फोडली. पण नवी वाट शेजारच्या पातेर्नो गावाच्या दिशेने जाते असे दिसताच तिथले गावकरी हत्यारे घेऊन चालून आले आणि काम बंद पडले. आपले गाव वाचवताना दुसऱ्याचे शिवार जाळण्याचा अधिकार कोणाला?

पहार: त्याच एटनावर १९९२ मध्ये मार्ग निघाला. उतारावरील झाफेराना गावाच्या वरच्या अंगाला घातलेला सुमारे वीस मीटर उंचीचा बांध लाव्हाने ओलांडला, तेव्हा उगमाजवळच्या पाटाची भिंत २७ मे रोजी सात टन स्फोटकांनी फोडून प्रवाह खोदलेल्या चरात उतरवला. तो व्हाल्ले देल बोवे या निर्जन खोऱ्यातच राहिला. (उद्रेकाचा जोर तोवर काहीसा ओसरला होता, त्यामुळे सगळे श्रेय स्फोटकांना देऊ नये.)

आडवाट: असे खोरे सर्वांच्या वाट्याला येत नाही. हवाईत २०१८ साली लेलानी वसाहतीच्या रस्त्यांतच भेगा पडल्या आणि त्या उद्रेकात सातशेच्या आसपास घरे गेली. तिथे बांध घालणार कुठे? शिवाय लाव्हा म्हणजे ज्वालामुखीची देवी पेले, तिची वाट अडवू नये, असे मानणारे हवाईवासी आहेत. त्यांना अंधश्रद्ध ठरवून मोकळे होणे मला पटत नाही.

काळा कातळ: ग्रिंडाविकमध्येही १४ जानेवारी २०२४ रोजी बांधाच्या आत भेग पडून तीन घरे जळाली. मात्र त्याच दिवशी बाहेरच्या मोठ्या भेगेतला बराचसा लाव्हा बांधाने गावापासून दूर नेला, आणि परिसरातील घरांना गरम पाणी पुरवणारे स्वार्त्सेंगीचे भूऔष्णिक (जमिनीतील उष्णतेवर चालणारे) वीजकेंद्रही बांधांच्या आड टिकले. या कामासाठी देशभरातील मालमत्ताधारकांवर छोटा कर बसवण्यात आला.

आडवाट: आइसलँडच्या सरकारला पुढे ग्रिंडाविककरांची घरेही विकत घ्यावी लागली. वीजकेंद्राभोवती बांध घालण्यास माझी हरकत नाही. वस्तीसाठीचा पैसा मात्र मी आधी स्थलांतरावर खर्च केला असता.