मदत हवी आहे: ११० च्या पुढे गाडी थरथरते, बॅलन्सिंग करूनही जात नाही

वेगवेडा:
इलेक्ट्रिक गाडी आहे, परफॉर्मन्स व्हेरिएंट. हायवेला थरथर येते. बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, परत बॅलन्सिंग झालं. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सगळं ठीक आहे. मला ठीक वाटत नाही, गाडी चालवायची इच्छाच गेली आहे. नेमकं काय बदलायचं तेवढं सांगा. टायरमधली हवा बघा असं कृपया कोणी लिहू नका, ती बघून झाली आहे.

नटबोल्ट:
११० ला सुरू होते, पुढे काय होतं? वाढत जाते की एका वेगानंतर कमी होते? स्टिअरिंग थरथरतं की सीट? एकसारख्या वेगाला येते की पिकअप देताना? ब्रेक दाबल्यावर फरक पडतो का? एवढं कळल्याशिवाय पार्ट बदलायला सांगणं म्हणजे तुमचे पैसे उडवणं.

मागचीसीट:
हाफशाफ्ट, म्हणजे मोटरकडून चाकाला फिरवणारा दांडा. डोळे मिटून सांगतो. माझी ड्युअल मोटर (पुढे एक, मागे एक) गाडी अशीच थरथरायची, टायरवाल्याकडे खेटे घालून दमलो, शेवटी पुढचे दोन्ही हाफशाफ्ट बदलले आणि प्रश्न संपला. इलेक्ट्रिकचा टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो, आतला ट्रायपॉड जॉइंट तो सहन करत नाही.

वेगवेडा:
१२५ पर्यंत वाढत जाते, त्यापुढे नेली नाही. सीटला जाणवते, स्टिअरिंग जवळपास स्थिर आहे. माझीही ड्युअल मोटरच आहे. हाफशाफ्ट वॉरंटीत मिळतात का?

नटबोल्ट:
थांबा, हाफशाफ्टकडे लगेच जाऊ नका. स्टिअरिंग स्थिर आणि सीट थरथरते म्हणजे आधी मागची चाकं बघायची. दर वेळी खरं ठरतंच असं नाही, पण सुरुवात तिथून करावी.

बॅटरीप्रेमी:
थरथरीमुळे रेंज कमी झाली का? मी रोज ८०% पर्यंतच चार्ज करतो आणि गाडी मस्त चालते. मोठी रिम असेल तर छोटी बसवा, रेंज नक्की वाढेल.

शांतचाक:
मागचीसीट यांचा अनुभव खरा आहे, पण ती थरथर वेगळी. ट्रायपॉड जॉइंटमध्ये तीन रोलर असतात. जॉइंटचा कोन जास्त असताना त्यावर जोर आला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तीन हिसके बसतात. म्हणून ती जोरात पिकअप देताना येते, एअर सस्पेंशन 'हाय'वर, म्हणजे गाडी उंच केलेली असेल तर आणखी वाढते, आणि पाय हलका केला की जाते. इथे एकसारख्या वेगाला येते का, हे वेगवेडा यांनी अजून सांगितलेलंच नाही.

वेगवेडा:
एकसारख्या वेगाला येते. पिकअप देतानाही येते, पाय काढला तरी येते. एअर सस्पेंशन आहे, हायवेला आपोआप खाली बसतं.

मागचीसीट:
पाय काढल्यावर रीजेन सुरू होतं ना, मोटरच गाडी मंदावून बॅटरी चार्ज करते! म्हणजे शाफ्टवर उलट्या बाजूने जोर असतोच. पाय काढला तरी येते, एवढ्यावरून हाफशाफ्ट निर्दोष ठरत नाही.

शांतचाक:
हा मुद्दा अगदी बरोबर. पेट्रोल गाडीत पाय काढून बघायची जी रीत आहे ती इथे चालत नाही. म्हणून न्यूट्रल टाकून बघायचं. रिकामा, सरळ रस्ता, मागे कोणी नाही, १२० ला न्यूट्रल आणि गाडी आपोआप १०० पर्यंत उतरू द्या. थरथर गेली तर दोष शाफ्ट, मोटर किंवा माउंटिंगकडे. तशीच राहिली तर टायर, रिम किंवा बेअरिंग.

डिस्कवाला:
ब्रेक डिस्क तपासून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत रीजेनमुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि गंजतात. मी दर आठवड्याला मोकळ्या रस्त्यावर चारदोन वेळा जोरात ब्रेक मारून त्या स्वच्छ ठेवतो.

वेगवेडा:
ब्रेकचा काही त्रास नाही. मी थरथरीचं विचारतोय. आणि १२० ला न्यूट्रल टाकणं सुरक्षित आहे का?

शांतचाक:
स्टिअरिंग आणि ब्रेक चालूच राहतात. रीजेन नसल्याने गाडी जास्त घरंगळते, तेव्हा पुढे भरपूर अंतर ठेवा. एकट्याने करू नका, शेजारच्याला मीटरवर लक्ष ठेवू द्या. तुमच्या गाडीत न्यूट्रल कसा पडतो ते आधी उभ्या गाडीत शिकून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी जॅकवर चढवून चाकं वेगात फिरवून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चाकं लोंबकळत असताना शाफ्टचे कोन नेहमीपेक्षा जास्त असतात, त्यामुळे नसलेला दोष दिसतो. शिवाय ते जिवावर बेतू शकतं.

आकडेमोड:
फोनमध्ये कंपन मोजणारं ॲप टाका आणि फोन सीटच्या लोखंडी रुळावर घट्ट बांधा. मोठ्या रिमच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरू. ११० ला गाडी सेकंदाला ३०.५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १४ फेरे घेतं. ॲपच्या आलेखात १४ हर्ट्झवर (सेकंदाला १४ कंपनं) शिखर दिसलं तर दोष चाकाच्या गतीने फिरणाऱ्या वस्तूत आहे. ४२ च्या आसपास दिसलं तर ट्रायपॉडचे तीन हिसके. मोटर गिअरमुळे चाकाच्या साधारण ९ पट फिरते, तिचा दोष १२५ हर्ट्झच्या जवळ येईल. तो थरथरीपेक्षा बारीक झिणझिणीसारखा लागतो.

मागचीसीट:
हाफशाफ्टही चाकाच्याच गतीने फिरतो. शाफ्ट वाकलेला असेल तर तोही १४ च दाखवेल. आणि फोनच्या ॲपवर एवढा विश्वास?

आकडेमोड:
वाकलेल्या शाफ्टचं मान्य. ॲपबद्दल म्हणाल तर, फोनचा सेन्सर सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या आतलं बऱ्यापैकी कळतं. १२५ हर्ट्झचं खरं चित्र त्यात मिळणार नाही. १४ साठी पुरतो.

वेगवेडा:
दोन्ही करून आलो. न्यूट्रलमध्ये काडीचाही फरक नाही. ॲपमध्ये ११० ला १४ वर मोठं शिखर, बाकी किरकोळ. आता?

नटबोल्ट:
आता जुन्या बॅलन्सिंगच्या नोंदी काढा. मागच्या चाकांना दर वेळी किती वजन लावलं आणि कुठे? टायर कुठले, आत आवाज शोषणारा फोम आहे का? कधी पंक्चर काढलं होतं का?

वेगवेडा:
मागच्या उजव्या चाकाचे आकडे दर वेळी वेगळे आहेत. आधीचं वजन काढून दुसऱ्याच जागी नवीन लावलं आहे. टायर कंपनीने दिलेलेच, फोमवाले. पंक्चर त्याच चाकाचं काढलं होतं, थरथर त्यानंतरची आहे. पण ते उत्तम काढलंय, हवा अजिबात उतरत नाही. त्याचा थरथरीशी काय संबंध?

नटबोल्ट:
तोच तर संबंध. फोमवाल्या टायरचं पंक्चर आतून काढताना त्या जागेचा फोम कापून बाजूला करावा लागतो. कापलेली कड नीट चिकटली नाही तर फोम तिथून सुटत जातो आणि आतल्या आत सरकतो. मग आज केलेलं बॅलन्सिंग पुढच्या आठवड्यात खोटं ठरतं. टायर रिमवरून उतरवून आत बघा. उतरवलाच आहे तर रिमला डायल गेज (बारीक वाक मोजायचं माप) लावून ती वाकली आहे का तेही पाहून घ्या. त्यातही काही निघालं नाही तर रोड फोर्स मशीनवर टायर दाबून तपासा, साध्या मशीनवर टायरचा कडक भाग कळत नाही.

बॅटरीप्रेमी:
एवढासा फोम दोन टनांची गाडी हलवेल, हे पटत नाही.

आकडेमोड:
५० ग्रॅमचा तुकडा धरा. ११० ला टायरच्या आतल्या बाजूला तो साधारण १३ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर दाबतो, आणि त्या जोराची दिशा सेकंदाला १४ वेळा पूर्ण फिरते. बॅलन्सिंग मशीनवर चाक यापेक्षा पुष्कळ हळू फिरतं, त्यामुळे तिथे सुटलेला फोम एका जागी आणि रस्त्यावर दुसऱ्या जागी असू शकतो.

वेगवेडा:
टायर उतरवला. पंक्चरच्या जागेपासून फोमची लांब पट्टी सुटली होती आणि एका बाजूला गोळा झाली होती. रिम सरळ आहे. सगळा फोम आणि जुना गोंद काढून टाकला, पुन्हा बॅलन्सिंग केलं. काल १२५ ला गाडी शांत होती, न्यूट्रल टाकायची गरजच पडली नाही. नटबोल्ट, शांतचाक, आकडेमोड, तुमचे मनापासून आभार, किती डोकं खाल्लं मी तुमचं.
आता उजवीकडून मागून घोंघों आवाज येतो. हा बेअरिंगचा का?

आकडेमोड:
बहुतेक नाही. टायरमधली हवा साधारण २०० हर्ट्झला घुमते, तो आवाज शोषण्यासाठीच फोम असतो. बेअरिंगची घरघर वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलते. ते एकदा ऐकून बघा.

मागचीसीट:
थरथर गेली, छान झालं. तरी सस्पेंशन 'हाय'वर ठेवून एकदा जोरात पिकअप देऊन बघाच.

वेगवेडा:
वळणावर आवाज बदलत नाही, म्हणजे फोमचाच. 'हाय'वर जोरात दाबल्यावर पुढून हलकीशी थरथर येते खरी. 'लो'वर अजिबात नाही.

मागचीसीट:
तेच म्हणत होतो. वॉरंटी संपायच्या आत लेखी तक्रार नोंदवून ठेवा, आणि 'हाय'वर असताना पिकअप हळू द्या.